नहरीच्या तोंडाशी

संभाजीनगरला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी वेरूळ-अजिंठ्याचं विचारतात. मी दोन्ही पाहिलेलं नाही. व्याह्यांनी बेत आखला होता, फर्दापूरला मुक्काम करायचा आणि सकाळी लवकर लेणी गाठायची. तो बेत बेतच राहिला. मी तिथे पाच दिवस होतो आणि त्यातला सगळ्यात लांबलेला वेळ जमिनीतल्या एका भोकाच्या काठावर गेला. ज्यांनी हे शहर पाहिलं नाही त्यांना त्याची ओळख व्हावी म्हणून लिहायला बसलो खरा, पण कुठूनही सुरुवात केली तरी गाडी त्या भोकाशी येऊन थांबते. सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भित्रा माणूस आहे. मुंबईच्या गोदीत उभा जन्म काढला, शेवटी फोरमन होऊन निवृत्त झालो, समुद्राची मला भीती नाही, उंचीची नाही. पण खाली जाणारं अंधारं तोंड दिसलं की माझ्या पायांतलं बळ जातं.

धोंडे

जाण्याचं कारण धोंड्याचा महिना. अधिक मास आला की जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आमच्या कोकणात याचं एवढं प्रस्थ नाही. पण मुलीनं, मेघानं, फोनवर बजावलं, की बाबा, मराठवाड्यात हा इज्जतीचा प्रश्न असतो. जावयाला, संदीपरावांना, वाळूजच्या कारखान्यातून रजा मिळेना. बायकोच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. शेवटी मी एकटाच अनारशांचा डबा मांडीवर घेऊन लेकीच्या घरी पोचलो. जावयानं सासुरवाडीला यायचं, तर सासराच निघाला जावयाकडे, अशी सगळी उलटी गंगा.

मे महिना संपत आला होता. घराच्या भिंती हात लावल्यावर चटका देत होत्या. मी संदीपरावांना पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं, ताटात अनारसे मांडून वर दिवा लावून ताट त्यांच्या हाती दिलं. बत्तीस वर्षांचा तरणाताठा मुलगा लाजेनं कानापर्यंत लाल झाला. मामा, पुरे आता, असं तो तीनदा म्हणाला. त्याचे वडील दादाराव मात्र खुर्चीत पाय हलवत मजा बघत बसले होते.

दादाराव मूळचे देवगाव रंगारीचे. शेती भावाकडे सोपवून शहरात आले, कारखान्यात नोकरी केली आणि आता निवृत्तीनंतर जुन्या शहराच्या नादी लागलेत. रविवारी दहा-वीस माणसं गोळा करून त्यांना दरवाजे, मशिदी, चौक दाखवत फिरतात. बोलणं मोकळं आणि आवाज दोन घरं ऐकतील असा. मला ते पहिल्या क्षणापासून आवडले.

संध्याकाळी नळाला पाणी येणार होतं. तिथे नळ रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी अंगणात जमिनीखाली टाकी असते. दादारावांनी लोखंडी झाकण सरकवलं, पालथे पडून आत डोकं घातलं आणि मला म्हणाले, जरा झाकण धरा. मी दोन पावलं मागे सरलो. त्यांनी वर पाहिलं आणि माझा चेहरा त्यांच्या लक्षात आला असावा.

मग जेवताना सांगावं लागलं. आमच्याकडे जहाजाच्या पोटात माल ठेवतात त्या जागेला फाळका म्हणतात. एकदा एक जहाज ओले ओंडके घेऊन आलं. फाळका कित्येक दिवस बंद होता. बंद जागेत ओलं लाकूड हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला माणूस शिडीनं उतरला आणि दमून बसावा तसा खाली बसला. त्याला काढायला दुसरा गेला. दुसऱ्याला काढायला तिसरा. मी वर उभा राहून पाहत होतो. ना वास, ना धूर, ना आवाज. पुढे आम्हाला शिकवलं, की पहिला चुकीनं मरतो आणि बाकीचे मायेनं. त्यामुळे मागून कोणी उतरायचं नाही, म्हणजे नाही.

दादाराव माझ्या ताटात तुपाची धार सोडत म्हणाले, "ते जहाज व्हतं पाव्हणं. ही जमीन हाय. जमीन कामून गिळंल माणसाला?"

दरवाजे आणि पाणचक्की

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शहरभर फिरवलं. या शहराला दरवाजे किती, यावर तिथे दोन माणसांचं एकमत होत नाही. मोजायला लागलं की कोणीतरी एखाद्या गल्लीतला पडका दरवाजा काढून दाखवतो. आमच्याकडे जुनं ते काचेआड असतं. गोदीतला घड्याळाचा टॉवर आम्ही कुंपणाबाहेरून बघायचो. इथे माणसं चारशे वर्षांच्या कमानीखालून रिक्षा, हातगाड्या, सिमेंटच्या गोण्या घेऊन जात होती. मकाई दरवाज्यात मी वरचं दगडकाम पाहायला थांबलो आणि एका रिक्षाचा आरसा कोपरावर आपटला. रिक्षावाला माझ्यावरच वैतागला. त्याचंही बरोबर होतं, मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. तेवढ्यानंसुद्धा छातीत धडधडायला लागलं आणि दादारावांना टिंगलीला विषय मिळाला.

गुलमंडीत त्यांनी मला टोपी घेऊन दिली. एका गल्लीतून नान-खलियाचा, म्हणजे मटणाच्या रश्श्याचा, वास आला तेव्हा मी चालता चालता थांबलो. दादाराव म्हणाले, नाकानं खाल्लेलं चालतं, तोंडाचं अधिक महिना संपल्यावर बघू. दुपारी घरी येसराची आमटी आणि भाकरी होती. ती इतकी झणझणीत होती की माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि विहीणबाई, शांताबाई, काळजीनं दही घेऊन धावल्या.

उन्हं कलल्यावर पाणचक्की. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून मैलोन्मैल आणून हौदात सोडलंय आणि त्याच्या धारेवर जातं फिरायचं. हौदाच्या खाली दालन आहे, म्हणजे डोक्यावर सगळं पाणी. दादाराव आत गेले. मी दारातच थांबलो. आमच्या बंदरात पाणी डोळ्यांसमोर असतं, भरती कधी, ओहोटी कधी, सगळं कळतं. इथे पाणी पायाखालून कुठून कसं जातं ते दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यावर माझा भरवसा बसत नाही.

तिथेच कट्ट्यावर बसून दादारावांनी मनातलं सांगितलं. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या पुढे, जुन्या नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या कालव्याचं, एक तोंड आहे. चारशे वर्षांपूर्वी ही नहर खणली तेव्हा गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून जागोजागी अशी विहिरीसारखी तोंडं ठेवली होती. त्या जागेवर आता प्लॉट पडलेत आणि चार दिवसांत मुरूम टाकून ते तोंड बुजवणार आहेत. आत अजून पाणी वाहतंय असा पुरावा दाखवला तर काम थांबवता येईल, असं त्यांना कचेरीतल्या कोणीतरी सांगितलं होतं. फोटो हवा होता, नाहीतर पाण्याचा आवाज तरी. म्हणजे कोणीतरी उतरायला हवं होतं.

मी विचारलं, अग्निशमनवाल्यांना का नाही विचारत? ते हसले. म्हणाले, अर्ज मंजूर व्हईपर्यंत वर चार मजले उभे राहतील.

हर्सूलच्या पुढे

तिसऱ्या दिवशी संदीपरावांची सुट्टी होती. सकाळी आम्ही तिघं गेलो. उघडा माळ, बाभळी, प्लॉटच्या खुणांचे पांढरे दगड. मधोमध चुन्या-विटांचा कमरेएवढा गोल कठडा आणि त्यावर अर्धी फुटलेली फरशी. संदीपरावांनी फरशी सरकवली. मी दहा हातांवर उभा राहिलो.

बाभळीखाली एक म्हातारे गृहस्थ शेळ्या राखत बसले होते. युसूफचाचा. त्यांचे वडील आणि आजोबा याच नहरीतला गाळ काढायचे. आमचा बेत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कंदील लाए क्या?"

दादारावांनी पिशवीतून भली मोठी बॅटरी काढून दाखवली.

"ये नक्को," चाचा म्हणाले. "कंदील होना. ठैरो, मैं घर से लाता."

ते काठी टेकत निघून गेले. त्यांचं घर माळाच्या टोकाला होतं. दादारावांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग घड्याळ पाहिलं. म्हणाले, म्हातारा कंदील शोधणार, मग रॉकेल शोधणार, आज काय येत नाय. आणि मला समजावलं, की काळजी करू नका, जुनी माणसं विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडायची, विझला तर उतरायचं नाही, हे मलाही ठाऊक आहे, आपणही तसंच करू. त्यांनी बॅटरी पेटवली, सुतळीला बांधली आणि हळूहळू आत सोडली. मी धीर करून पुढे गेलो आणि वाकून पाहिलं. अडीच पुरुष खोल असेल. तळाशी ओला गाळ चमकत होता.

"बघा," दादाराव म्हणाले, "इझला नाय."

संदीपरावांनी मान डोलावली. आणि मलाही बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, कारण त्या तिघांत ज्याला कळायला हवं होतं तो मी होतो. पण खाली उजेड दिसला आणि माझी भीती कमी झाली. माणसाचं असंच असतं.

दादाराव भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत उतरू लागले. त्यांचं डोकं कठड्याखाली गेलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. कंदिलाला हवा लागते. बॅटरीला लागत नाही. ती मेलेल्या हवेतही जळत राहील.

मी ओरडलो, दादाराव, वर या, बॅटरी विझत नसते. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. खालून हसण्याचा आवाज आला, आणि पाव्हणे लई भेतात, असं काहीतरी. मग पाय गाळात पडल्याचा आवाज.

"पानी हाय," ते म्हणाले. "आयकू येतंय." पुन्हा म्हणाले, "पानी हाय." आणि तिसऱ्यांदा जेव्हा म्हणाले तेव्हा शब्द झोपेतल्या माणसासारखे लांबले होते. मी वाकलो. ते भिंतीला टेकून खाली बसत होते. दमून बसावं तसेच.

संदीपरावांचा एक पाय कठड्यावर गेला होता. मी त्यांचा पट्टा मागून धरला आणि सगळा जोर लावून ओढलं. दोघंही मुरमावर आपटलो. ते पालथे पडले आणि मी त्यांच्या पाठीवर बसलो. माझं वजन बरंच आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते उपयोगी पडलं. परवा ज्याचे पाय धुतले त्याचे हात मी पिरगळून धरले होते आणि त्याच्या तोंडात माती गेली होती.

"मामा, सोडा. बाप हाय माझा."

"पडून रहा," मी म्हणालो. "तू उतरलास तर दोन होतील."

आयुष्यात कधी जावयाला अरे-तुरे केलं नव्हतं.

शेजारच्या बांधकामावरची माणसं धावत आली. मी त्यांना आधी सांगितलं की कोणी उतरू नका, मग सांगितलं की फोन करा. एकानं अग्निशमनला फोन लावला. बाकीचे गोल करून उभे राहिले. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की बाप खाली पडलाय, पोरगा त्याला काढायला निघालाय आणि एक लठ्ठ परगावचा माणूस पोराच्या पाठीवर बसलाय. एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, कसला माणूस हाय ह्यो. मी उठलो नाही. मी मनात आकडे मोजत होतो, एक मिनिट, दोन मिनिटं, कारण गोदीत आम्हाला तेच शिकवलं होतं. एकीकडे मोजत होतो आणि दुसरीकडे विचार करत होतो, की दादाराव गेले तर मेघा या घरात कशी राहील.

युसूफचाचा आले तेव्हा त्यांच्या हातात पेटलेला कंदील होता. माझ्याकडे पाहून त्यांना सगळं कळलं. त्यांनी एका गवंड्याला आपल्या घरी पिटाळलं, विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणि दोर आणायला. दुसऱ्याला बाभळीची फांदी तोडायला लावली. ती सुतळीला बांधून ते तोंडातून खाली-वर, खाली-वर करू लागले, आतली हवा ढवळायला. बांधकामावरच्या पिंपातलं पाणी बादल्यांनी आत ओतायला लावलं. कुठे घाई नाही, ओरडणं नाही. मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिलो.

गळ आला. पहिल्यांदा तो दादारावांच्या सदऱ्यात अडकला आणि सदरा फाटला. दुसऱ्यांदा पिशवीच्या छातीवरच्या आडव्या पट्ट्यात बसला. चार माणसांनी दोर ओढला. कठड्यावर त्यांचं डोकं दिसलं तेव्हाच मी जावयाच्या पाठीवरून उठलो. दादारावांचे ओठ जांभळे झाले होते. त्यांना कुशीवर वळवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग घशातून घरघर आली. मी आयुष्यात इतका कुरूप आवाज ऐकला नाही आणि त्या आवाजानं मला रडू आलं.

गाड्या आल्या, त्यांना घेऊन गेल्या, संदीपराव सोबत गेले. माणसं पांगायला लागली. तेव्हा कोणी सांगितलं नसताना चाचांनी कंदील दोराला बांधून आत सोडला. इतकं पाणी ओतलं होतं, इतकी हवा ढवळली होती, तरी दीड पुरुषावर ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली. त्याच्याही खाली, गाळात, बॅटरी छान जळत होती.

परत

दादाराव दवाखान्यात तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न मला विचारला, की पाणी वाहत होतं, तुम्ही ऐकलं का? मी ऐकलं म्हणालो. खोटं बोललो. तेव्हा माझ्या कानांत फक्त माझाच श्वास होता.

घरात मात्र गोष्ट वेगळ्या वाटेनं पोचली होती. शांताबाई ताट वाढायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. त्यांना कोणी दोष देऊ नये. नवरा खाली तडफडत असताना त्याच्या लेकाला व्याह्यानं दाबून धरलं होतं, हे ऐकून कुठल्या बाईला दही घेऊन धावावंसं वाटेल? मेघा म्हणाली, बाबा, तुम्ही केलं ते बरोबरच, डॉक्टरही तेच म्हणाले. पण ती हे स्वयंपाकघराचं दार लोटून म्हणाली. संदीपराव तर माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलले. मी ठरलेल्या दिवशी निघालो. आणखी राहून काय करणार होतो?

स्टेशनवर सोडायला तेच आले. गाडी लागायला वेळ होता. फलाटावर बसायला जागा होती, पण आम्ही उभेच राहिलो. ते माझ्या पिशवीचा बंद उगाच सोडत आणि बांधत होते.

"मामा," ते म्हणाले, "सगळे म्हणतात, तुम्ही धरलं म्हणून मी उतरलो नाय. आईबी तेच म्हणती. मी कुणाला नाय म्हणलो नाय."

त्यांनी बंद पुन्हा आवळला.

"पहिल्यांदा जोर लावला मी. तेवढाच. मंग नाय लावला. तुम्ही सोडलं असतं तरी मी उतरलो नसतो. लई भ्यालो व्हतो."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं.

"तुझ्या पाठीवर बसलो होतो. तुझं अंग कधीच सैल पडलं होतं."

गाडीची घोषणा झाली. लोक सामान उचलायला लागले. ते तसेच उभे राहिले, पिशवी हातात धरून.

"मंग शेवटपर्यंत धरून कामून बसलात?"

"लोक बघत होते," मी म्हणालो.